शून्य म्हणजे हिरवं

ऑफिसात कुणी नाव घेऊन बोलावं अशी एकच गोष्ट दिपाली घोगरेने आजवर केली होती, आणि ती गोष्ट म्हणजे एक चौकोन होता.

ताथवड्यातली ती साठेक माणसांची कंपनी. भोसरी, चाकण, तळेगावच्या कारखान्यांना स्क्रीन बनवून द्यायच्या, हेच काम. मशीन किती तास चाललं, भट्टी किती तापली, कॅन्टीनमध्ये किती थाळ्या गेल्या, हे सगळं भिंतीवरच्या टीव्हीवर नाहीतर हातातल्या टॅबवर दिसायला हवं. पूर्वी असा प्रत्येक चौकोन जो तो आपापला नव्याने लिहायचा, आणि प्रत्येकाचा हिरवा वेगळा, प्रत्येकाचा लाल वेगळा. दिपालीने चार महिने खपून एकच चौकोन लिहिला. त्याला नाव द्या, आकडा द्या, मर्यादा द्या. आकडा मर्यादेच्या आत असेल तर चौकोन हिरवा, बाहेर गेला की लाल. सगळे त्याला 'टाईल' म्हणायचे. एकदा लिहिलेली, पाहिजे तिथे बसवायची. नवीन लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं, चौकोन स्वतः लिहीत बसू नकोस, दिपालीची टाईल घे.

पिंपळे गुरवला घरी तिने वडिलांना हे समजावून सांगितलं होतं. रंगराव धाराशिवकडून आलेले, भोसरीत एका फोर्जिंग कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. ते म्हणाले, म्हणजे साचाच की हा. साचा नीट बसला की माल डोळे झाकून निघतो. दिपालीला ते फार आवडलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी एका कॅन्टीनच्या स्क्रीनवरून कुरबुर झाली. सकाळी जेवण सुरू व्हायच्या आधी थाळ्यांचा आकडाच नसायचा, मग टाईल करडी पडायची आणि मध्ये नुसती एक आडवी रेघ. गिऱ्हाइकाकडचे साहेब म्हणाले, हे मेल्यासारखं दिसतं. धनेश सर टीमचे मुख्य. त्यांनी दुपारी येऊन सांगितलं, संध्याकाळपर्यंत काहीतरी कर. दिपालीने एक ओळ वाढवली: आकडा आलाच नाही तर शून्य धर. थाळ्या शून्य. बरोबरच होतं ते. शून्य कुठल्याही मर्यादेच्या आत, म्हणून टाईल हिरवी. साहेब खूश झाले. ओळीशेजारी तिने स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती, हे नंतर नीट करायचं. मग दुसरी कामं आली, आणि नंतर नंतरच राहिलं.

त्या गुरुवारी सकाळी ती टाईलचा फॉन्ट बदलायला बसली होती. दहा वाजून गेलेले. बदल करायच्या आधी ती टाईल कुठे कुठे वापरली आहे याची यादी काढायची तिची सवय. यादीत त्रेचाळीस जागा निघाल्या. बहुतेक तिच्या ओळखीच्या. खाली खाली जाताना एक अनोळखी नाव दिसलं: 'टाकी ३, वायू'.

शेजारच्या रांगेत सुजित बसायचा. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनिअर, पण कामाला पक्का. तिने विचारलं, हे काय आहे. त्याने मान वळवून सांगितलं की चाकणच्या निघोजे बाजूच्या एका प्लांटचं आहे, गाड्यांच्या पार्टांना रंग देतात तिथलं. रंगकामाचं सांडपाणी साठवायच्या जमिनीखालच्या टाक्या आहेत. त्यात विषारी वायू धरतो. आत माणूस उतरवायच्या आधी वायू किती आहे ते कळावं म्हणून सेन्सर बसवलाय, आणि टाकीच्या तोंडाशी खांबावर टॅब. तीन महिने झाले देऊन. "तुझी टाईल होतीच तयार," तो म्हणाला, "म्हणून एका दिवसात झालं."

दिपालीने आपल्या मशीनवर तीच स्क्रीन उघडली आणि आकडा येणं मुद्दाम तोडून पाहिलं. टाईल एक क्षण थरथरली आणि हिरवी झाली. मध्ये शून्य.

काय होणार हे तिला ठाऊक होतं, तरी तिने आकडा जोडून पुन्हा एकदा तोडून पाहिला. पुन्हा हिरवं. शून्य थाळ्या म्हणजे अजून कुणी जेवलं नाही. शून्य वायू म्हणजे हवा स्वच्छ आहे, उतरा.

मग तिने खऱ्या प्लांटची स्क्रीन उघडली. टाकी एकचा आकडा हलत होता, चार, पाच, पुन्हा चार. टाकी दोनचाही हलत होता. टाकी तीन हिरवीगार, शून्य. तिने मागची नोंद काढली. मंगळवारी दुपारी चारनंतर टाकी तीनच्या सेन्सरकडून एकही आकडा आलेला नव्हता. वायर तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल, कुणाच्या फावड्याने उखडली असेल. दोन दिवस तो सेन्सर मुका होता, आणि दोन दिवस तिची टाईल त्याच्या वतीने सगळं ठीक आहे म्हणून सांगत होती.

धनेश सर काचेच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. ती दार ढकलून आत गेली, असं ती कधी करत नसे. त्यांनी बाहेर येऊन शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांच्या डोक्यात त्या वेळी दुसरंच गिऱ्हाईक होतं. ते म्हणाले की बदल कर, पण प्लांटच्या स्क्रीनवर पाठवू नकोस. प्लांटच्या लोकांची परवानगी लागते, नाहीतर उद्या तेच म्हणतील की आमच्या स्क्रीनला हात का लावला. आणि मेलमध्ये जीव, धोका असले शब्द घालू नकोस, सेन्सर त्यांचा आहे. मग जाता जाता ते म्हणाले, "आणि आज गुरुवार आहे, दिपाली. एमआयडीसीला सुट्टी. तिथे कुणीच नाही. उद्या सकाळी पहिलं काम हेच करू."

हे ऐकून तिला बरं वाटलं, हे तिने पुढे कुणापासून लपवलं नाही. ती जागेवर येऊन बसली, पाणी प्यायली. दुरुस्ती दहा मिनिटांत लिहून झाली: आकडा आला नाही तर टाईल काळी, आणि वर पांढऱ्या अक्षरांत 'माहिती नाही'. पण टाकी तीन डोळ्यांसमोरून हलेना. तिने वडिलांना फोन लावला. तिला खरं तर फक्त होकार हवा होता.

"अण्णा, सुट्टीच्या दिवशी कारखान्यात कुणी नसतं ना?"

रंगराव घरी भाजी निवडत बसले होते. ते म्हणाले, "कोण म्हणतंय? लाईन बंद असती. भट्ट्या, नाल्या, टाक्या साफ करायला दुसरा कोणता दिवस हाय? ठेकेदाराची माणसं गुरुवारीच येतेत. का गं?"

दिपालीने फोन न ठेवताच पर्स उचलली.

पुढची दहा मिनिटं तिने ऑफिसच्या फोनवर आणि सुजितने त्याच्या मोबाईलवर घालवली. प्लांटच्या रिसेप्शनचा फोन वाजून वाजून थांबला. तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याचा, रणजीत नावाच्या माणसाचा, मोबाईल बंद. सुट्टी जोडून गावी गेला असावा. गेटचा नंबर यांच्याकडे नव्हताच, कारण यांना गेटशी कधी कामच पडलं नव्हतं. त्या आठवड्यात बदल पाठवायची किल्ली, म्हणजे पासवर्ड, सुजितकडे होती, पण धनेश सरांच्या होकाराशिवाय ती वापरायची नाही असा नियम. दिपाली त्याला म्हणाली, पाठवून दे. तो म्हणाला, सर बाहेर आले की लगेच विचारतो. वाद घालायला तिच्यापाशी वेळ नव्हता. आणखी दोन मिनिटं तिथे उभं राहून वाद घातला असता तर त्याने तेव्हाच पाठवलं असतं का, हा प्रश्न पुढे कित्येक दिवस तिला जेवताना, केस विंचरताना, कुठेही गाठायचा.

ती स्कूटरवरून निघाली तेव्हा अकरा वाजून गेले होते. रावेत, निगडी, त्रिवेणीनगर इथपर्यंत रस्त्याने साथ दिली. चिखलीपासून पुढे कंटेनर सुरू झाले. कारखान्यांना सुट्टी असली तरी कंटेनरांना नसते. मोशीकडून वळलेला एक लांबलचक ट्रेलर इंद्रायणीच्या पुलाच्या तोंडाशी आडवा अडकला होता आणि दोन्ही बाजूंनी दुचाकी त्याच्याखालून घुसायला बघत होत्या. दिपालीने हॉर्न वाजवला नाही, कारण सगळेच वाजवत होते. तिने एका टेम्पोवाल्याला हात जोडले. त्याला वाटलं हिच्या घरी कुणी गेलं असावं. त्याने टेम्पो कडेला घेऊन तिला वाट दिली. पुलावरून जाताना ती मनात फक्त एवढंच घोकत होती की आधी पाणी उपसावं लागत असेल, त्याला वेळ लागतो, अजून कुणी उतरलं नसेल.

कानात वडिलांचा फोन चालूच होता; निघतानाच तिने त्यांना सगळं सांगितलं होतं. मधून मधून ते विचारत, कुठं आलीस. ती सांगे, मोई. मग, निघोजे. ते म्हणत, हळू चालव. पण परत फिर असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

प्लांटच्या गेटवर साखळी लावलेली. वॉचमन खुर्चीत बसून डबा खात होता. तिने ओळखपत्र दाखवलं. त्याने गेटपास मागितला. गेटपास नव्हता. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं आणि सांगितलं की ज्यांना भेटायचं त्यांचं नाव लिहा, ते फोन करून हो म्हणाले तर सोडतो. त्याचंही चूक नव्हतं. त्याला तेच सांगितलेलं होतं.

दिपालीने विचारलं, "टाकीवर कुणी आलंय का आज?"

"ठेकेदाराची माणसं आलीत. दोघं. नऊ वाजल्यापासून पंप लावलाय."

"पंप चालू आहे का अजून?"

वॉचमनने कान देऊन ऐकलं. पंपाचा आवाज येत नव्हता. त्याने वॉकीटॉकीवर दोनदा हाक मारली. पलीकडून कुणी बोललं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बदललं, पण तो साखळी सोडायला वाकण्याआधीच ती साखळीखालून आत गेली होती आणि पळत होती.

रंगकामाच्या शेडमागे, बॉयलरच्या चिमणीपाशी, काँक्रीटच्या कट्ट्यात तीन झाकणं होती. तिसरं उघडं होतं. त्याच्या कडेला एक माणूस गुडघ्यांवर वाकून आत ओरडत होता. "ज्योतीराम. ए ज्योतीराम. ओ दे रं." हा गणराज, ठेकेदाराचा मुकादम, निघोज्याच्याच जुन्या घरातला, तिशी ओलांडलेला, अंगापिंडाने दणकट. झाकणाशेजारी खांबावर टॅब होता. उन्हात तिला लांबूनच दिसलं: हिरवा चौकोन, तिने निवडलेला हिरवा, आणि तिने निवडलेल्या जाड अक्षरात शून्य.

दिपाली पोचेपर्यंत गणराजने ओला टॉवेल तोंडाला गुंडाळला होता आणि एक पाय शिडीवर ठेवला होता. खाली अंधारात, दहा-बारा फुटांवर, गाळात एक माणूस कुशीवर पडलेला अर्धवट दिसत होता. तो हलत नव्हता.

तिने गणराजच्या दंडाला मागून मिठी मारली. दोघंही कट्ट्यावर आपटले.

"सोडा मला," तो म्हणाला. "माझा माणूस हाय खाली."

"तुम्ही पण मराल. वायू आहे आत."

"वायू न्हाई. बघा की वर, शून्य हाय. मी सोता बघून उतरवलाय त्याला. चक्कर आली आसंल त्याला."

"ते शून्य खोटं आहे," दिपाली म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता. "सेन्सर बंद आहे दोन दिवस. ते शून्य मी लिहिलंय. मी लिहिलंय ते."

तिचं म्हणणं त्याला कळलं की नाही कोण जाणे. त्याने तिला झटकलं आणि पुन्हा शिडीवर पाय ठेवला. त्याच वेळी खांबावरचा टॅब एकदा लुकलुकला. हिरवा चौकोन गेला. तिथे काळा चौकोन आला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन शब्द उमटले: माहिती नाही.

ताथवड्यात सुजितने कुणालाही न विचारता किल्ली वापरली होती. बारा वाजून नऊ मिनिटांनी. ज्योतीराम बाराला दोन-तीन मिनिटं असताना उतरला होता, असं नंतर निघालं.

गणराज त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिला. मग त्याने शिडीवरचा पाय वर घेतला आणि एकदम खाली बसला. "आरं देवा," तो हळू म्हणाला.

वॉचमन धापा टाकत आला. त्याने अग्निशमन दलाला फोन लावला होता, गाडी निघाली होती, पण तो पूल, तो ट्रेलर. दिपालीच्या कानातून रंगराव बोलत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांच्या आवाजात तिला माहीत नसलेली धार होती, बत्तीस वर्षं शॉपफ्लोअरवर वापरलेली.

"कुणालाबी उतरू देऊ नको. ध्यानात ठेव, कुणालाबी. हवा मारायचा ब्लोअर असतो तिथं, मोठ्या पाईपवाला. विचार त्याला कुठं हाय."

तिने विचारलं. गणराजने बॉयलरच्या शेडकडे बोट केलं. ब्लोअर होता. नेहमी उतरायच्या आधी अर्धा तास तो लावायचाच असतो, हे त्याला माहीत होतं. आज लावला नव्हता. तो ओढत आणायचा, वायर टाकायची, आणि स्क्रीन तर हिरवी होती. हे त्याने तिथेच, ब्लोअर ओढता ओढता, कुणी न विचारता सांगितलं. सांगताना तो रडत होता, पण हात चालत होते.

तिघांनी मिळून ते धूड कट्ट्यापर्यंत आणलं. पाईप आत सोडला. प्लग बसेना, वॉचमनने तो तोडून उघड्या वायरी आगकाड्यांनी सॉकेटमध्ये ठासल्या. ब्लोअर घरघरला आणि सुरू झाला. रंगरावांनी सांगितलं, पाईपाचं तोंड त्याच्या तोंडापाशी जाईल असं धर. दिपाली कट्ट्यावर पालथी पडली, तोंड एका बाजूला वळवून, आणि दोन्ही हातांनी पाईप खाली सोडत राहिली. गणराजने तिचे पाय धरले होते. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास आला होता, तो आता येत नव्हता, आणि वास येत नाही म्हणजे वायू गेला असं नसतं, उलट नाकच मेलेलं असतं, हे वडील तिला कानात सांगत होते. तिने मान आणखी वळवली.

खाली पाईपाच्या वाऱ्याने ज्योतीरामचा शर्ट फडफडत होता. तेवढंच हलत होतं. दिपाली त्या शर्टाकडे बघत राहिली. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. हा कोण, कुठला, घरी कोण, काही माहीत नाही. कॅन्टीनच्या साहेबांना करडा रंग आवडला नाही म्हणून हा इथे पडलाय, एवढंच तिला माहीत होतं, आणि हे त्या कट्ट्यावर आणखी कुणालाच माहीत नव्हतं. ती त्याला सारखी म्हणत होती, हल, थोडा हल. मोठ्याने म्हणत होती की मनात, ते तिला सांगता आलं नसतं.

अग्निशमनची गाडी चौदा मिनिटांनी आली. तोंडाला मास्क, पाठीला सिलिंडर लावलेला जवान उतरला आणि त्याने दोरात अडकवून ज्योतीरामला वर पाठवलं. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. ओठ निळे पडलेले, मिशांत गाळ. एकाने त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. बराच वेळ काही नाही. मग तो खोकला. तो खोकला ऐकून गणराज जमिनीवर आडवा झाला आणि दिपालीने वडिलांना फोनवर सांगितलं, खोकला तो.

पण तो खोकला म्हणजे सुटका नव्हती. ज्योतीराम शुद्धीवर आला नाही. पिंपरीच्या एका मोठ्या रुग्णालयात त्याला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. मेंदूला किती वेळ हवा मिळाली नाही ते सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले, वाट बघा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक कागद तयार होता. धनेश सरांचे डोळे लाल होते, तेही झोपले नव्हते. कागदात लिहिलं होतं की सेन्सरची वायर तुटल्यामुळे आकडे मिळाले नाहीत आणि ठेकेदाराने ब्लोअर वापरला नाही. दोन्ही खरंच होतं. टाईलचा त्यात उल्लेख नव्हता. सर म्हणाले, यात खोटं एकही अक्षर नाही, सही कर; साठ माणसांचा प्रश्न आहे. सुजितला नियम मोडल्याबद्दल नोटीस मिळाली होती. ती त्याने घडी घालून खिशात ठेवली होती आणि तो सकाळपासून त्रेचाळीस जागा एकेक करून तपासत होता. भोसरीतल्या एका भट्टीच्या स्क्रीनवर आणि तळेगावच्या एका गॅस पॅनेलवर हीच गत होती. कालच्या बदलाने ती दोन्ही आता काळी पडली होती, आणि दोन्हीकडून आमची स्क्रीन बिघडली म्हणून तक्रारी आल्या होत्या.

दिपालीने सही केली नाही. तिने तो कागद सरांच्या टेबलावर परत ठेवला आणि सांगितलं की मी माझं वेगळं लिहीन. सर म्हणाले, "तू वेळेवर गेलीस, एक माणूस वाचवलास. तेवढंच पुरे नाही का?"

"सर, आपण शून्य दाखवलं नसतं तर मला जायलाच लागलं नसतं."

चौकशीला आलेल्या कारखाना खात्याच्या अधिकाऱ्यांना तिने दोन पानं लिहून दिली. ती ओळ, ती कधी लिहिली, का लिहिली, शेजारची टीप, सगळं. वायर आणि ब्लोअरही लिहिलं. घरी तिने ते रंगरावांना वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, नोकरी जाईल. ती म्हणाली, हो. मग ते उठून गॅसकडे गेले आणि त्यांनी दोघांसाठी चहा टाकला. साच्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

रोज सकाळी ती रुग्णालयात जायची. आयसीयूच्या बाहेर एका बाकावर ज्योतीरामची बायको रंभा बसलेली असायची, जालन्याकडची, चिखलीत चार घरी स्वयंपाकाला जाणारी. गणराज तिला डबा आणून द्यायचा. त्याने रंभाला एवढंच सांगितलं होतं की या मॅडम धावत आल्या म्हणून ज्योतीराम वर आला. रंभा दिपालीला बसायला जागा करून द्यायची, पाणी विचारायची. तो पेला दिपाली हातात तसाच धरून बसे. आज सांगू, असं ठरवून ती जायची, आणि डॉक्टर बाहेर येऊन नकारार्थी मान हलवायचे, आणि ती न सांगता परतायची. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मशीन काढलं, ज्योतीराम स्वतः श्वास घ्यायला लागला. बाराव्या दिवशी त्याने डोळे उघडून रंभाकडे पाहिलं आणि तिला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली.

त्याचा उजवा हात थरथरायचा. बोलताना शब्द मध्येच हरवायचा. टाकीचं त्याला काहीच आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, पण पूर्वीसारखा होईल असं धरून चालू नका.

त्या दिवशी दिपालीने रंभाला सांगितलं. बाकावर, शेजारी बसून. टाईल, शून्य, हिरवा रंग, जमेल तितक्या साध्या शब्दांत. सांगताना तिने एकदाही माफी मागितली नाही, कारण मागितली तर रंभाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं तिच्यावर टाकायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. मग तिने लिहून दिलेल्या दोन पानांची प्रत पिशवीतून काढली.

"हे जपून ठेवा. भरपाईच्या वेळी कंपनी म्हणेल आमचा संबंध नाही, ठेकेदार म्हणेल माझा नाही. तेव्हा हे दाखवा. यात माझं नाव आहे, सही आहे. साक्षीला बोलावलं तर मी येईन."

रंभाने कागद घेतला नाही.

"तुमी आला म्हणून जिता हाय, असं गणराजभाऊ म्हणतेत," ती म्हणाली. "आन तुमच्यापायीच पडला, असं तुमी म्हणता. मी कुणाचं खरं धरू?"

"दोन्ही," दिपाली म्हणाली.

रंभाने विचारलं, आता त्याला कामावर कोण घेईल? त्याला दुसरं काही येत नाही, टाक्या धुण्याशिवाय. दिपालीही आठवडाभराने नोकरी सोडणार होती, नाहीतर तिला सोडायला लावणार होते, पण ते इथे बोलायचं नव्हतं.

आतून नर्सने हाक मारली. पेशंटला उठवून बसवायचं होतं, एक माणूस हवा होता. रंभा उठली. दोन पावलं जाऊन ती परत आली, दिपालीच्या हातातून तो कागद घेतला, एक्स-रेच्या पिशवीत सरकवला, आणि म्हणाली, एकटीला आवरत न्हाई तो, चला.

दिपाली चप्पल बाहेर काढून तिच्यामागे आत गेली.